भिंत शेजाऱ्यांची, खिडकी माझी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त ट्रेसर, राहणार याच घराच्या आतल्या खोलीत, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवत आहे. मला कोणी बसवून लिहून घेतलेलं नाही. उलट मला बसूच दिलं जात नव्हतं, कारण जाऊबाईंना दुपारी चहा लागतो आणि तो मीच करावा असा या घराचा दंडक आहे. चहा झाला. आता लिहिते.

वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. त्याची सुरुवात मानवी जीवन क्षणभंगुर आहे अशी होती. ते वाक्य मी गाळलं आहे. मला माझं आयुष्य चांगलं लांबलचक वाटलं, त्यातल्या दुपारी तर फारच. बाकी मसुद्यातले शब्द जमतील तिथे ठेवले आहेत, म्हणजे वकीलबाईंना वाईट वाटायला नको. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते माझं नाही.

कलम एक. माझे पती हयात नाहीत आणि मला मूलबाळ नाही. मागे आहेत त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते आणि पुढेही तसंच लिहीन. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दूर नोकरीला आहे. आणि माझ्या बहिणीची मुलगी, जी बँकेत काउंटरवर बसते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. तिला या कागदात भाची म्हटलं आहे. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी तिला व्यवस्थापक नेमते. तिने "मावशी, मला यातलं काही कळत नाही हो" असं सांगून बघितलं आहे. ते ग्राह्य धरू नये.

कलम दोन. हे घर दोन भावांचं. वाटणी झाली तेव्हा पुढची खोली थोरल्यांकडे गेली आणि आतली आमच्याकडे आली. पुढच्या खोलीला खिडकी होती, बाजूच्या मोकळ्या जागेत उघडणारी. आतल्या खोलीला एक दार आणि बाकी भिंती. भांडण असं झालं नाही. वहिनींनी फक्त त्याच दिवशी खिडकीला नवीन पडदा लावला. तो निळा होता. मी तो अजून विसरलेले नाही.

आतली खोली, म्हणजे माझ्या हिश्शाचं जे काही आहे ते, मी भाचीला देते. अट एकच. दोन खोल्यांमधलं दार वहिनी आहेत तोवर उघडं राहील. त्या हाक मारतात आणि ती ऐकू जावी लागते.

कलम तीन. आतल्या खोलीत जी प्लायवर काढलेली खिडकी टांगली आहे, ती पुतण्याला द्यावी. ती माझी पहिली. ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांच्या घरांचे आराखडे ट्रेसिंग पेपरवर उतरवत असे. प्रत्येक खोलीला खिडकी दाखवायची आणि संध्याकाळी येऊन या खोलीत बसायचं. एका सुट्टीत मी प्लायचा तुकडा आणला, त्यावर चौकट आखली, तावदानं काढली, बाहेर टेकडी, तारेचं कुंपण आणि डावीकडून येणारं ऊन. बघायला आले ते सगळे छान म्हणाले. पण खोलीत थोडा वेळ बसलं की भोवळल्यासारखं व्हायचं. आमचे हे तिच्याकडे पाठ करून झोपायला लागले. मला वाटलं, रंगाचा वास असेल. शेवटी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या खोलीत सूर्य दोन बाजूंनी येतोय."

बरोबर होतं. खरा उजेड उजवीकडच्या दारातून येत होता आणि मी ऊन काढलं होतं डावीकडून. तेव्हापासून कोणाच्याही खोलीत आधी एक दुपार नुसतं बसल्याशिवाय मी ब्रश हातात धरलेला नाही.

पुतण्या लहानपणी याच खिडकीखाली झोपायचा. त्याला कधी भोवळ आली नाही. आता त्याच्या घराला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि झोप लागत नाही म्हणतो. त्याने ही खिडकी पलंगाजवळ लावावी, आणि उजवीकडून उजेड येईल अशाच भिंतीवर लावावी. दुरुस्त करायला जाऊ नये.

कलम चार. हे कलम जरा लांबेल.

बाजूच्या मोकळ्या जागेत शेजारच्या औषधवाल्यांनी गोदाम बांधलं. त्याची भिंत वहिनींच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर उभी राहिली. पुढे वहिनी पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि त्यांचा पलंग खिडकीशी लागला तो लागलाच. मी मनातल्या मनात म्हटलं, आता कळेल. मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "झोपून झोपून सिमेंटच बघायचं असेल, तर माझा पलंग तुझ्या खोलीत हलव. तिथे निदान दोन सूर्य आहेत." मला हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर राग धरून बसता येईना.

मी पडद्याच्या दांडीला ब्रश बांधला, गजांतून हात घातला आणि समोरच्या भिंतीवर रस्ता काढायला घेतला. वहिनी पलंगावरून सांगत होत्या, "डावीकडे घे. अजून. आता वळव." दांडी लांब, हात गजांत अडकणारा, त्यामुळे रस्त्याच्या कडा जरा वाकड्या आल्या. वहिनी म्हणाल्या, राहू दे, लोकांनी चालून चालून त्या तशाच होतात. गोदामाचा पाण्याचा पाइप मध्येच येत होता. त्याचं झाड केलं. दोन्ही बाजूंना गवत, एक बसका कट्टा, वर फिकट आभाळ. दुपारी त्या फटीत वरून ऊन उतरतं, थोडाच वेळ, आणि तेव्हा तो रस्ता तापल्यासारखा दिसतो. तेवढा वेळ मी हातातलं काम ठेवून पलंगाजवळच्या खुर्चीवर बसते.

वळणापुढचं मी काढलेलं नाही, पण आम्हाला ते माहीत आहे. तिथे एक नळ आहे, त्याच्या तोंडाशी कायम एक थेंब असतो. पुढे एक दुकान, बहुतेक बंद. वहिनींचा डोळा लागून उघडला की कधी कधी सांगतात, "आज दुकान उघडं होतं." मी विचारते, काय काय होतं दुकानात? त्या म्हणतात, "आत अंधार होता गं, दिसलं नाही." मागे मला ताप चढला होता तेव्हा मी स्वतः त्या रस्त्याने बरीच पुढे गेले होते. धूळ पायाला मऊ लागत होती. नळाच्याही पुढे गेले असते, पण मागून वहिनींची हाक आली, चहासाठी. म्हणून परतले.

आता कायद्याचं. भिंत औषधवाल्यांची. खिडकी आणि गज वहिनींचे. मधली हातभर हवा कोणाची ते वकीलबाईंनाही सांगता आलं नाही. माझा फक्त रंग आहे. तो रंग मी वहिनींना देते.

कलम पाच. जोडधंद्याचे पैसे. हा धंदा मी काढलेला नाही, वहिनींनी काढला. औषधवाले एकदा पाइप दुरुस्त करायला त्या फटीत उतरले आणि आपल्या भिंतीवर रस्ता बघून तडक आमच्या दारात आले. "बाई, भिंत आमची आहे," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हीही बघा की. बसा." ते पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. चहा झाला. चहानंतरही बसून राहिले. निघताना म्हणाले, आमच्या गोदामातही खिडकी नाही, हिशेब लिहिणारे गृहस्थ दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, तर तसं एखादं काही होईल का, आणि काय द्यावं लागेल. मी म्हटलं, "छे हो, शेजाऱ्यांकडून पैसे कसले." त्याबरोबर पलंगावरून आकडा आला. तो इतका होता की मी खाली बघितलं.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "फुकट दिली असतीस तर त्यांनी ती कपाटामागे ठेवली असती. पैसे मोजलेत ना, आता बरोबर समोर लावतील." आणि तसंच झालं.

पुढे वहिनींची खोली हेच आमचं दुकान. गिऱ्हाईक आलं की त्या त्याला खुर्चीवर बसवत, समोरचा रस्ता बघू देत आणि मग विचारत, "तुमच्या खोलीत उजेड कुठून येतो?" बहुतेकांना सांगता यायचं नाही. ते घरी जाऊन बघून यायचे. भाव वहिनी ठरवत, खिडकी मी काढत असे, आणि या व्यवस्थेत आमचं कधी वाजलं नाही. बाकी सगळ्या बाबतीत वाजलं.

या पैशांचं खातं वेगळं आहे. "पेन्शनमध्ये मिसळलेस तर यातले कोणते तुझे, ते तुलाच ओळखू यायचं नाही," असं म्हणून वहिनींनीच ते उघडायला लावलं. त्या खात्यातून वहिनींची देखभाल व्हावी, सांभाळणाऱ्या बाईचा पगार जावा आणि भिंतीसाठी लागेल तो रंग आणावा. वहिनींच्या पश्चात उरेल ते भाचीचं. पेन्शनमधून साठलेलं आजपासूनच तिचं आहे, म्हणजे मी गेल्यावर.

कलम सहा. ब्रश, डबे, पडद्याची दांडी आणि पलंगाखाली रचलेल्या जुन्या चौकटी भाचीला. या चौकटी पाडलेल्या घरांच्या आहेत, मी भंगारवाल्यांकडून निवडून आणल्या. प्रत्येकीला खरी कडी आहे आणि ती तशीच खरी ठेवावी. लोक उघडून बघतात. उघडत नाही हे माहीत असूनही बघतात. भाचीचा हिरवा रंग माझ्यापेक्षा चांगला उतरतो हे इथे नमूद करते, तोंडावर कधी म्हटलं नाही. पण तिला आभाळात पक्षी काढायची खोड आहे. ती तिने सोडावी. कारण कलम दहात येईल.

कलम सात. जुनी गिऱ्हाइकं भाचीने सांभाळावीत. तळघरातल्या ड्रायक्लीनरची कडी लवकर झिजते, कारण वाफ कोंडली की तिथले कामगार नकळत तिला हात घालतात. ती मी दरवेळी फुकट बदलून देते. वहिनींना माहीत नव्हतं. आता झालं. लिफ्टमनला लिफ्टमध्ये खिडकी हवी होती आणि मजल्यागणिक देखावा बदलायला हवा होता. मी नुसतं आभाळ काढून दिलं. तो म्हणतो, लोक आता लिफ्टमध्ये वर बघत नाहीत, बाहेर बघतात. त्याचं आभाळ कोपऱ्यात उडालं आहे, तेवढं भरून द्यावं, पैसे घेऊन.

कलम आठ. मनात धरून ठेवलेल्या गोष्टी, ज्यांची वाट लावणं आवश्यक आहे.

निळा पडदा मी सोडून देते.

वहिनींकडे एक पिवळा स्वेटर आहे. ऑफिसच्या सहलीला मी तो एका दिवसासाठी मागितला होता. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला कायम रंग असतो, डाग पडतील." मी माझ्या राखाडीत गेले. सहलीच्या फोटोत मी कुठे आहे ते मलाही शोधावं लागतं. हे मी सोडत नाही. ते या मिळकतीत माझ्या नावावर तसंच राहील.

रस्त्याच्या वळणापुढे उतार आहे असं माझं मत आणि चढ आहे असं वहिनींचं. यावर आम्ही कित्येक दुपारी घालवल्या. हा वाद मी त्यांच्या बाजूने सोडते. चढ असू दे.

कलम नऊ. औषधवाल्यांना मी काहीही ठेवत नाही. यात राग नाही, कावा आहे. गोदामाची भिंत ओल धरते आहे आणि तिला प्लास्टर करायचं त्यांच्या मनात आहे. मला ते म्हणाले, "बाई, तुम्ही आहात तोवर मी थांबतो." ते शब्दाचे पक्के आहेत, आणि माझ्या जिवाला घोर लागला आहे तो नेमका तिथेच. मी नसेन तेव्हा तो शब्द पाळून संपलेला असेल. मी वकीलबाईंना विचारलं, हे या कागदात बांधून घेता येईल का. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्राने शेजाऱ्याला बांधता येत नाही हो." ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून औषधवाल्यांना काही मिळत नाही. त्यांनी साक्षीदार व्हावं, आणि सही करण्याआधी हा कागद वहिनींच्या खोलीत, त्याच खुर्चीवर बसून, मोठ्याने वाचावा. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी म्हणते.

कलम दहा. माझ्या कोणत्याही खिडकीत माणूस नाही, जनावर नाही, पक्षी नाही. जे जागच्या जागी उभं राहू शकतं तेवढंच मी काढते. ड्रायक्लीनरने हट्टाने एक कुत्रा काढून घेतला होता. त्याचे कामगार रोज त्याला यू यू करत, आणि काही दिवसांनी तोच येऊन म्हणाला, "बाई, तेवढा कुत्रा पुसून टाका. येतही नाही, जातही नाही." मी पुसला. त्या जागी झुडूप आहे.

वहिनी मात्र मागणं सोडत नाहीत. "रस्त्यावर कोणीतरी काढ गं." मी विचारते, कोण? "कोणीही. चालणारं." मी दरवेळी नाही म्हणते. रिकाम्या रस्त्यावर कोणीही येऊ शकतं, आणि एकदा माणूस काढला की तोच राहतो, असं मी त्यांना समजावते. त्या म्हणतात, "तू आहेस म्हणून तुला रिकामा चालतो."

ते मला अलीकडे समजायला लागलं आहे. पुतण्या फोनवर म्हणतो, आई, इकडे ये, तुला सगळं आभाळ दिसेल. त्या म्हणतात, आभाळाला काय करू, मला रस्ता लागतो. त्या जायला तयार झाल्या तर कोणी आडवं येऊ नये. होणार नाहीत, पण लिहिलेलं बरं. मला माझ्या मरणाची भीती नाही. भीती आहे ती पुढच्या दुपारींची. ऊन फटीत उतरलेलं असेल आणि त्या एकट्याच भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतील, शेजारची खुर्ची मोकळी. हे मी त्यांना कधी बोलले नाही. आम्ही एकमेकींशी असं बोलत नाही.

सबब मी माझा नियम या एका भिंतीपुरता मोडते. मी गेल्यावर भाचीने त्या रस्त्यावर एक बाई काढावी. लगेच नको. आधी काही दिवस रस्ता तसाच राहू दे. मग वळणापाशी, अंगठ्याच्या नखाएवढी. अंगात राखाडी स्वेटर, हातात रंगांचा डबा, तोंड आपल्या बाजूला. चढावरून उतरत आलेली असल्याने जरा मागे रेललेली. चेहरा काढू नये. भाचीला चेहरे जमत नाहीत, आणि वहिनी मला चालीवरून ओळखतात. दर वर्षी भिंतीचा रंग उजळताना तिला बोटभर पुढे आणावं. पुढे येईल तशी ती मोठी होईल, त्या मापाने डबाही मोठा करावा. हे भाची विसरेल म्हणून लिहिलं. अगदी गजांपर्यंत आणू नये. मी घरी पोचलेली दिसले की वहिनी चहा मागतील.

कलम अकरा. वहिनी माझ्या आधी गेल्या तर कलम दहा रद्द समजावं. मग भिंतीचं मी बघेन, आणि रस्त्यावर कोणाला काढायचं ते मला कोणी विचारू नये. एवढंच सांगते की ती बाई पायांनी चालत असेल.

इतकं लिहून, वाचून, समजून मी सही करत आहे. वहिनींना साक्षीदार व्हायचं होतं. रंग त्यांना मिळतो म्हणून होता येत नाही असं वकीलबाईंनी सांगितलं. "म्हणजे बिछान्यात पडून फुकट ऐकायचं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ऐकलं.

ठिकाण : वहिनींची खोली, पलंगाजवळ.
दिनांक : अठरा नोव्हेंबर, भिंतीवर ऊन असताना. साल वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार एक : शेजारचे औषधवाले. (सही)
यांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. कलम नऊपाशी थांबून पाणी मागितलं. कलम दहा संपल्यावर खिडकीकडे बघून म्हणाले, "ओल आतून प्लास्टर करूनही थांबते. झाडाचा पाइप मात्र गळतोय, तो बदलावा लागेल. नवा त्याच जागी बसवतो. खोड परत रंगवून द्याल ना?" देईन असं सांगितलं आहे.

साक्षीदार दोन : लिफ्टमन. (सही)

खाडाखोडीची नोंद. सह्या झाल्यावर वहिनींनी हाक मारली. मी तिथेच होते, तरी मारली. म्हणाल्या, "राखाडी नको. सिमेंटात दिसायची नाहीस. माझा पिवळा घाल." मी म्हटलं, रंगाचे डाग पडतील. त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "पडू देत." सबब कलम दहामधला "राखाडी" हा शब्द रद्द करून तिथे "पिवळा" असं वाचावं. दुरुस्ती माझी, माझ्या हाताने, शुद्धीत केलेली. दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा सही केली आहे.

(सही)